टेरेस्ट्रियल फ्लाय टाईंग किट : मुंगी आणि भुंगेऱ्यासाठी जरूर घ्या, नाकतोड्याचे हुक मात्र बदला

हे किट मी पूर्ण दोन सीझन वापरलंय, त्यातून शंभराच्या वर फ्लाय, म्हणजे हुकवर बांधलेले नकली किडे, बांधून झाल्यात, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे बॉक्स उघडून रंगीत फोम टेबलावर मांडून लिहिलेले होते, ती फ्लाय पाण्यात टाकल्यावर काय होतं ते एकानेही सांगितलं नव्हतं आणि तीच तर खरी गोष्ट ना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असली किट बरेच जण विकतात आणि आतला माल जवळजवळ तोच असतो, तेव्हा आत काय असायला हवं आणि ते कसं तपासायचं हे कळलं तर जास्त कामाचं.

घाईत असाल तर एवढंच वाचा : फोम एक नंबर, मुंगी आणि भुंगेरा बांधायचं सामान व्यवस्थित, नाकतोड्यासाठी दिलेले हुक चुकीचे, हरणाचे केस बिनकामाचे, आणि सोबतचं माहितीपत्रक अर्धं छान अर्धं दिशाभूल करणारं.

नवीन लोकांसाठी थोडं सांगते. ट्राउटसाठी, म्हणजे थंड गोड्या पाण्यातल्या माशासाठी, आपण ज्या फ्लाय बांधतो त्यातल्या बहुतेक पाण्यातच वाढणाऱ्या किड्यांच्या नकला असतात, मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय वगैरे. टेरेस्ट्रियल म्हणजे जमिनीवरचे किडे जे चुकून पाण्यात पडतात, मुंगी, भुंगेरा, नाकतोडा, रातकिडा, तुडतुडा, झाडावरून धाग्याने लोंबणारी हिरवी अळी. यांचा हॅच, म्हणजे पाण्यातून एकदम थव्याने बाहेर पडणं, नसतो, यांची ठरलेली वेळ नसते, ऊन तापलं, वारा सुटला, काठावरचं गवत हललं की पडले पाण्यात. उन्हाळा अर्धा सरला की पाण्यातले हॅच मंदावतात आणि मग भर दुपारी सुद्धा ट्राउट काठाला चिकटून वरून काय पडतंय त्याची वाट बघत उभा असतो, ते थेट कडक थंडी पडेपर्यंत. म्हणून हे किट एका मोठ्या मोसमाचं किट आहे, हौसेखातर दोनचार फ्लाय बांधून बाजूला ठेवायचं नाही.

आता फोम. काळा, तपकिरी, टॅन (फिकट तपकिरी), पिवळा आणि हिरवा असे २ मिमी जाडीचे शीट आहेत आणि एक काळा १ मिमीचा. फोम बंद छिद्रांचा पाहिजे, म्हणजे आत पाणी शिरता कामा नये, हे सगळे सांगतात, पण बघायचं कसं ते सांगत नाहीत. मी एक पट्टी कापून ग्लासात दगडाखाली रात्रभर दाबून ठेवली, सकाळी कोरड्या कागदात घट्ट पिळली, कागद जेमतेम वरवरचा ओला झाला. आधी एकदा मी हस्तकलेच्या सामानातला स्वस्त फोम आणला होता तो याच परीक्षेत स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता. दुसरी परीक्षा दोऱ्याची, चांगला फोम दोरा आवळला की दबतो आणि सोडला की फुगून जागेवर येतो, वाईट फोम तिथेच चिरतो. या किटमधला फोम दोन्हीत पास झाला आणि दोन सीझननंतरही बॉक्समधल्या भुंगेऱ्यांच्या पाठी कडक झालेल्या नाहीत की रंग उडालेला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे किट पुन्हा घेईन.

पण दोरा! एकच रीळ दिलंय, ७० डेनियरचं (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप, आकडा लहान तितका दोरा बारीक). मुंगीसाठी ते ठीक, भुंगेऱ्यावर आणि नाकतोड्यावर हा बारीक दोरा फोमला सुरीसारखा कापतो. फोमसाठी १४० डेनियरचा दोरा वेगळा घ्या, तो जरा चपटा बसतो आणि जोर पसरतो. तोच वापरायचा असेल तर पहिले दोन वेढे सैल टाका, फोम नुसता धरून ठेवण्याइतके, आणि तिसऱ्या चौथ्या वेढ्याला हळूहळू आवळत जा. आणखी एक, हुकच्या गुळगुळीत दांडीवर सरळ फोम बांधलात तर दोन मासे लागल्यावर अख्खं अंग दांडीभोवती गोल फिरतं आणि फ्लाय उलटी तरंगायला लागते. आधी दोऱ्याचा जाळीदार थर द्यायचा, त्यावर सुपरग्लूचा अगदी टिपका, मग फोम. माहितीपत्रकात हे लिहिलेलंच नाही आणि हे वाचलेलं नसल्याने माझ्या पहिल्या डझनभर फ्लाय वाया गेल्या.

मुंगीबद्दल मला सविस्तर लिहायचंय कारण सगळ्या टेरेस्ट्रियलमध्ये माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर आहे. मुंगीची ओळख कशात आहे? सहा पायात नाही, रंगातही फार नाही, तिच्या कमरेत आहे. दोन गोळे आणि मधे केसाएवढी बारीक कंबर, ती दिसली की मुंगी दिसली. १६ नंबरचा हुक (नंबर मोठा तितका हुक लहान) घेते, काळ्या फोमची हुकच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातल्या फटीच्या, निम्म्या रुंदीची पट्टी कापते, ती दांडीवर बरोब्बर मधोमध बांधते, म्हणजे मागे एक गोळा पुढे एक गोळा आणि मधे फक्त दोरा. दोऱ्याचे वेढे एकावर एक टाकायचे, शेजारी शेजारी नाही, शेजारी टाकलेत की कंबर लांबते आणि मुंगीचं काडीपेटीतल्या काडीसारखं काहीतरी होऊन बसतं. मग त्या कमरेवर हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या पिसाचे, दोनच वेढे, फार तर तीन, आणि पोटाखालचे केस कात्रीने सपाट कापायचे म्हणजे फ्लाय पाण्यावर उभी न राहता पाण्याच्या पापुद्र्यात रुतून बसते, खरी मुंगी तशीच बसते. किटमधलं हॅकल काळं आणि तपकिरी, दोन्ही चांगल्या प्रतीचं, १४ ते १८ नंबरच्या हुकला पुरेल एवढ्या बारीक केसांचं. इथे त्यांनी काटकसर केलेली नाही हे आवर्जून सांगते.

माहितीपत्रकातल्या फोटोत मात्र मुंगीला कंबरच नाही, एक जाड काळी पिशवी आणि मधून सहा वेढे हॅकल. तो फोटो बघून बांधू नका.

बुडणारी मुंगी या किटमध्ये नाही पण याच दोऱ्याने होते, फोम न घेता नुसत्या काळ्या दोऱ्याचे दोन गोळे रचायचे आणि वर वॉर्निशचे दोन तीन हात द्यायचे, चकचकीत कडक मुंगी तयार. मुंगी पडल्यावर थोड्या वेळाने बुडतेच, आणि फेसाळत्या धबधब्याखालच्या डोहात तर वर तरंगणाऱ्या मुंगीपेक्षा ही बुडालेलीच जास्त चालते असा माझा अनुभव आहे. आणि उन्हाळ्याच्या शेवटी दमट हवेच्या दिवशी पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात, थवेच्या थवे उडतात आणि पाण्यावर कोसळतात, त्या दिवशी ट्राउट दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही बघत नाही. त्यासाठी किटमध्ये पांढऱ्या पॉली यार्नची लड आहे, तिचे दोन छोटे पंख कमरेवरून मागे तिरके सोडायचे. असा दिवस मला दोन सीझनमध्ये एकदाच मिळाला आणि बॉक्समध्ये पंखवाल्या तीनच मुंग्या होत्या, दोन झाडात गेल्या. तुम्ही निदान सहा ठेवा.

भुंगेरा सगळ्यात सोपा, नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. १४ नंबरचा हुक, फोमची पट्टी मागच्या टोकाला बांधून ठेवायची, दांडीवर मोरपिसाचे हर्ल, म्हणजे पिसाचे केसाळ तंतू, गुंडाळायचे, मग पट्टी पाठीवरून पुढे ओढून बांधायची, बाजूला रबरी पाय, झालं. हर्ल किटमध्ये भरपूर आहेत आणि लांब आहेत पण ठिसूळ, माशाच्या दातांनी तुटतात, म्हणून तीन चार हर्ल दोऱ्याला पीळ देऊन गुंडाळा म्हणजे एक तुटलं तरी सगळं सुटत नाही.

एक गोष्ट मी केली ती तुम्हीही करून बघा. काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, त्यात किटमधून बांधलेला भुंगेरा, मुंगी आणि नाकतोडा सोडले आणि भांडं खिडकीसमोर उंच धरून खालून बघितलं. ट्राउट आपली फ्लाय अशीच बघतो, खालून आणि उजेडाच्या विरुद्ध. फोमच्या पाठीचा हिरवा, तपकिरी, टॅन, सगळा फरक गेला, दिसली ती फक्त काळपट आकृती, पाय पाण्याला जिथे टेकले तिथे पडलेले बारीक खळगे आणि हर्लची ती जिवंत केसाळ कडा. भुंगेऱ्याच्या पाठीवर जो नारिंगी फोमचा ठिपका लावतात तो खालून दिसतच नाही, तो आपल्याला फ्लाय दिसावी म्हणून असतो, बिनधास्त लावा. किटमध्ये पाच रंगांचे शीट दिल्याचा जो गाजावाजा आहे त्यातले माझ्या मते काळा आणि टॅन दोनच कामाचे.

पेनसिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट नावाच्या संथ, झऱ्याच्या पाण्यावर व्हिन्सेंट मारिनारो आणि चार्ली फॉक्स या फ्लाय बांधणाऱ्यांनी हेच, आकृतीचं महत्त्व, ओळखलं होतं. मासे वर येऊन काहीतरी खातायत पण पाण्यावर दिसत तर काहीच नाही, असं कोडं होतं, आणि शोधल्यावर कळलं की ते इवलेसे तुडतुडे आणि मुंग्या खातायत. मारिनारोंनी मग किड्याची जाडी सोडून दिली, फक्त सपाट आकार ठेवला, हॅकल वरून खालून कापून टाकलं आणि वर जंगल कॉकचं एक पीस आडवं बसवलं, तीच जॅसिड (म्हणजे तुडतुडा) फ्लाय. जंगल कॉक म्हणजे आपला करडा रानकोंबडा, त्याच्या मानेवरची ती मेण लावल्यासारखी चकाकणारी पिसं. आज खऱ्या पिसांच्या व्यापारावर कडक बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत, त्यामुळे किटमध्ये प्लास्टिकवर छापलेली नकली पिसं दिलीत. ती चांगली नाहीत, पाण्यात थोडा वेळ गेला की कडेने वळतात. त्यांच्या जागी १ मिमी काळ्या फोमचा लंबगोल तुकडा कापून बसवला तर २० नंबरच्या हुकवर छान जॅसिड होते, मी तीच वापरते.

आता नाकतोडा, आणि इथे माझी तक्रार आहे. बॉक्सवर सगळ्यात मोठा फोटो नाकतोड्याचा, लोक घेतात ते तोच बघून, आणि त्याच फ्लायसाठी दिलेले हुक १० नंबरचे, नेहमीच्या लांबीचे आणि नेहमीच्या तोंडाचे. त्यावर २ मिमीचे दोन थर, म्हणजे ४ मिमी फोम, वर पाय, खाली बॉडी. हुकचं टोक आणि अंग यांच्यात जागा उरतेच किती? मासा येतो, तोंड उघडतो, फ्लाय आत घेतो, तुम्ही काठी उचलता आणि फ्लाय अलगद बाहेर येते, कारण टोकाला टोचायला वावच नाही. एका दुपारी माझे लागोपाठ चार मासे असे सुटले, मला वाटलं मी घाई करतेय, पाचव्याला थांबून थांबून उचललं तोही सुटला. घरी येऊन व्हाइसमध्ये (हुक पकडायच्या शिकंज्यात) फ्लाय लावून बाजूने बघितली तेव्हा कळलं, फोमच्या कडेपासून टोकापर्यंत नखाएवढीही फट नव्हती. नाकतोड्याला लांब दांडीचा, दोन किंवा तीन एक्स लांब (दांडी दोन-तीन नंबर मोठ्या हुकइतकी) हुक पाहिजे, ८ किंवा १० नंबर, तोंड मोकळं. तोच फोम, तेच पाय वापरून नुसता हुक बदलला आणि पुढच्या वेळी सुटण्याचं प्रमाण नेहमीसारखं झालं. कंपनीला लिहिलं होतं, दोन दिवसात नम्र उत्तर आलं की सूचना पुढे पाठवली आहे, पण पुढच्या वर्षी मैत्रिणीने घेतलेल्या किटमध्ये तेच हुक निघाले.

शिवाय हे हुक बार्बवाले, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा असलेले, आहेत आणि बार्ब पक्कडीने दाबताना दहातले दोन मोडले. बार्ब नसलेलेच हुक द्यायला काय जातं.

हरणाच्या केसांचं असं की केस आतून पोकळ असतो म्हणून दोरा आवळला की तो फुलून उभा राहतो, आणि त्या फुललेल्या केसांना कात्रीने घाट देऊन नाकतोड्याचं डोकं होतं. फ्लाय बांधणारे डेव्ह व्हिटलॉक यांचा डेव्ह्ज हॉपर (हॉपर म्हणजे नाकतोडा) असाच, केसांचं कापलेलं डोकं, टर्कीच्या पिसाचे पंख, गाठ मारलेले मागचे पाय. एड शेंक यांचा लेटॉर्ट हॉपर त्याहून साधा, हॅकल नाहीच, पाण्यात खोल रुतून बसणारा, आणि संथ स्वच्छ पाण्यावर मला तोच जास्त पटतो. पण किटमधले केस बारीक, भरीव, कितीही आवळा, फुलतच नाहीत, नुसते दांडीला चिकटून पडतात. पाठीचे किंवा पोटाचे जाडसर केस वेगळे घ्या. नाहीतर केसांचा नाद सोडा आणि फोमवरच या, युटामधल्या ग्रीन नदीवरून प्रसिद्ध झालेली चर्नोबिल अँट तर नुसता फोम आणि रबरी पाय आहे, दिसायला कुठल्याच किड्यासारखी नाही आणि तरी मासे घेतात.

रबरी पायांचे गुच्छ तीन आहेत, चांगले लवचिक, पण पाकिटात एकमेकांना चिकटून आले होते, थोडी टाल्कम पावडर लावून सोडवले की सुटतात. पाय दोन्ही बाजूला सारखेच कापा. एक बाजू लांब राहिली की फ्लाय हवेत पंख्यासारखी फिरते आणि टिपेटला, म्हणजे दोरीच्या शेवटच्या बारीक तुकड्याला, पीळ पडतो, चार कास्टनंतर (फेकींनंतर) दोरीचं शेवयांसारखं भेंडोळं होतं.

माहितीपत्रकाचा दुसरा भाग, पाण्यावर कसं वापरायचं, तो चांगला लिहिलाय. काठापासून हातभर नाही, वितीच्या आत टाका, पाण्याने खालून कोरलेल्या काठाखाली, वाकलेल्या फांदीखाली. नाकतोडा आणि भुंगेरा अलगद उतरवायची गरज नाही, टप्पकन पडू द्या, तो आवाज ऐकूनच मासा वळतो. हे मी स्वतः बघितलंय, विलोच्या फांदीखाली एक मासा उभा होता, नाकतोडा त्याच्या डोक्यावरून तीनदा गेला, तिसऱ्यांदा तो वर येऊन नाक टेकवून परत खाली गेला. मग भुंगेरा लावला आणि मुद्दाम त्याच्या मागे, शेपटीच्या बाजूला टप्पकन टाकला. त्याने बघितलंही नाही, नुसता आवाजावर गर्रकन वळला आणि घेतला. मोठ्या नाकतोड्यापेक्षा छोटा भुंगेरा आणि त्याहून छोटी मुंगी यांनी मला जास्त मासे दिलेत, विशेषतः ज्या पाण्यावर गर्दी असते तिथे, सगळे दिवसभर नाकतोडाच फेकत असतात.

टिपेट नाकतोड्याला ३एक्स किंवा ४एक्स, मुंगीला ५एक्स (इथे एक्सचा आकडा मोठा तितकं टिपेट बारीक). नाकतोड्याच्या हुकच्या वाकाला दोनेक फूट टिपेट बांधून खाली निम्फ (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लाची नक्कल) किंवा ती बुडणारी मुंगी लावली की दोन्ही मजल्यांवर काम होतं, आणि फोमचा नाकतोडा एवढं वजन सहज पेलतो, किटमधल्या फोमनेही पेललं. मासा आला की लगेच उचलू नका, त्याला तोंड मिटून खाली वळू द्या.

एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक यायला हवी होती ती अजिबात नाही. टेरेस्ट्रियलचा मोसम म्हणजे ऐन गरमीचा मोसम आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, पकडून परत सोडलेला ट्राउट सुद्धा नंतर दमून मरू शकतो. पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की मी काठी आवरते. नवीन माणूस हे किट घेऊन उत्साहाने कडक दुपारी जाणार, त्याच्या हातात थर्मामीटर नसेल तर निदान एक ओळ तरी असायला हवी होती. आता मी किटच्या बॉक्समध्ये कात्रीशेजारीच थर्मामीटर ठेवते.

तर कोणी घ्यावं? व्हाइस, बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं साधन), कात्री आधीपासून आहे आणि फोमशी पहिल्यांदा गाठ पडतेय त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांना फक्त केसांचे नाकतोडे बांधायचेत त्यांनी सुटं सामान घ्यावं, यातलं त्यांच्या उपयोगाचं फारसं काही नाही. घेतलंत तर सोबत १४० डेनियरचा काळा दोरा आणि लांब दांडीच्या बार्ब नसलेल्या हुकचं एक पाकीट त्याच दिवशी मागवा, आणि ते यायच्या आत किटमधल्या १६ नंबरच्या हुकवर बारा मुंग्या बांधून ठेवा, कंबर बारीक.